एक टक्क्याचं घर

माझ्या नावावर एक घर आहे. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून थोडं आत. दोन खोल्या आणि एक बाल्कनी, जिच्यात माणूस उभा राहू शकतो, वळू शकत नाही. हे घर मला कुणी हौसेने घेऊन दिलं नाही, वारशाने आलं नाही, आणि मी मागितलंही नव्हतं. ते मला एका टक्क्याने मिळवून दिलं.

काही वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं, की घराची खरेदी फक्त बाईच्या नावावर झाली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत द्यायची. हेतू चांगला होता. बाईच्या नावावर छप्पर असावं, नवरा गेला किंवा नवऱ्याने घालवून दिलं तरी तिला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागू नये. पुण्यातल्या पुरुषांनी या हेतूवर चर्चा करण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी सरळ गुणाकार केला. त्या वर्षी या शहरात जितके पुरुष स्त्रियांच्या मालकीहक्काचे पुरस्कर्ते झाले, तितके इतक्या वर्षांच्या व्याख्यानमालांनी झाले नव्हते.

माझा नवरा त्यांतलाच. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याची सगळी नोकरी गेली. जुनी वस्तू परत आल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा तिथला नियम होता आणि त्याचा स्वभावही. आमची ओळखसुद्धा त्याच्या काटकसरीतूनच झाली. मी वाचनालयात पुस्तकं बदलायला जायचे आणि तो तिथे फुकट वर्तमानपत्र वाचायला यायचा. लग्नानंतर त्याने घरातल्या बहुतेक गोष्टींवर कात्री चालवली, पण माझी वाचनालयाची वर्गणी बंद कर असं कधी म्हणाला नाही. त्याच्याकडून प्रेमाचा याहून मोठा पुरावा मिळणं शक्य नव्हतं. मला तो पुरेसा होता.

घर बघायला गेलो तेव्हा एजंट म्हणाला, "साहेब, एकट्या मॅडमच्या नावावर घ्या. दोघांची नावं घातली की सवलत गेली." नवरा घरी येईपर्यंत बोटांवर हिशेब करत होता. जेवतानाही करत होता. एका बाजूला स्वतःचं नाव आणि दुसऱ्या बाजूला एक टक्का, असा तो तराजू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्याने निकाल सांगितला.

"तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ. तसंही तुझं ते माझंच."

"आणि तुझं?"

"माझं काय राहिलंय? सगळं तर घरात घातलं."

ते खरं होतं. त्याने नोकरी लवकर सोडली तेव्हा मिळालेले पैसे त्यात गेले. माझ्या पाटल्याही गेल्या, पण त्यांचा उल्लेख कुठल्याच बोलण्यात येत नसे. धाकट्या भावाचा सल्ला घेतल्याशिवाय नवरा चप्पलही घेत नसे, त्यामुळे धानोरीला राहणाऱ्या माझ्या दिरांना बोलावणं गेलं. ही दोघं भावंडं मूळची यवतमाळकडची. पुण्यात येऊन दोघांनाही बरीच वर्षं झाली, पण दीर रंगात आले की बोली गावाकडची यायची. ते म्हणाले, "दादा, नाव काय, कोणाचंही टाक ना बाप्पा. घर तं आपलंच."

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने माझा फोटो काढला, यंत्रावर अंगठा टेकायला सांगितला आणि विचारलं, "खरेदी तुम्हीच घेताय ना?" मी नवऱ्याकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "त्यांना नाही, तुम्हाला विचारतोय." त्या दिवशी त्याच्यासमोर असंच मान वळवून बघणाऱ्या बऱ्याच मालकिणी येऊन गेल्या असाव्यात. मी "हो" म्हणाले. बाहेर आल्यावर सगळ्यांनी नवऱ्याचं अभिनंदन केलं.

योगायोग असा, की त्याच सुमारास माझ्या टेबलावर महिलांच्या आर्थिक सुरक्षिततेवरची एक सरकारी पुस्तिका होती. मी बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. खाली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, वर आम्ही. मालमत्ता बाईच्या नावावर असली की घरातल्या निर्णयांत तिचा आवाज वाढतो, असं त्या पुस्तिकेत सोप्या भाषेत समजावलं होतं, आणि शेजारी हसऱ्या बाईचं चित्र होतं. मी तो मजकूर दोनदा वाचला, घरी आले आणि कॅलेंडर कुठे लावायचं ते ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच भिंतीवर होतं. आधीच्या मालकाचा खिळा तिथे होता, नवा ठोकायची गरज नव्हती.

याच पुस्तिकेत भविष्यनिर्वाह निधीवर एक प्रकरण होतं. तेही मी मन लावून तपासलं. माझा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी नाही. छापखान्याच्या मालकांना मी एकदा विचारलं होतं, तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही घरच्याच." या शहरात एखाद्या बाईला घरची म्हटलं, की तिला काय काय द्यायचं नाही ते आपोआप ठरतं.

इतकी वर्षं अशा पुस्तिका वाचून माझा एक ठाम समज झाला आहे. बाईसाठीची कुठलीही योजना सरकारकडून निघते आणि आधी तिच्या घरच्या दिवाणखान्यात येऊन बसते. तिथे तिचा चहा होतो, तिची चौकशी होते, आणि मग उरली तर ती आत स्वयंपाकघरात जाते. माझ्या जावेच्या खात्यात दरमहा सरकारी पैसे जमा होतात. ते कधी जमा झाले हे तिला दीर सांगतात, कारण बँकेचा संदेश ज्या मोबाईलवर येतो तो दिरांच्या खिशात असतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्या दिवसापासून यवतमाळकडची सगळी लग्नं, बारशी आणि मयतं जावेच्या वाट्याला आली. "तू जाऊन ये. मी आलो तं पूर्ण तिकीट पडते," असं दीर म्हणतात. गुडघे दुखत असताना ती बारा-पंधरा तास बसून जाते आणि तिकिटाचे निम्मे पैसे वाचवून घरी आणून देते.

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता माझा नवरा गेला. छातीत दुखलं, दवाखाना, थोडे दिवस, संपलं. खास खोली त्याने घेऊ दिली नाही. सलाईनची बाटली बदलायला नर्स आली की तो विचारायचा, "ही पूर्ण संपली का?" शेवटच्या दिवसांतही मी त्यावर हसले होते. तेव्हा हसले याचं मला अजून बरं वाटतं.

दीर त्या दिवसांत दवाखान्यातून हलले नाहीत. औषधं आणणं, डॉक्टरांमागे धावणं, भावाचे पाय दाबत बसणं, सगळं त्यांनी केलं. स्मशानात ते लहान मुलासारखे रडले. त्यांचा राग यावा इतके ते कधीच वाईट वागले नाहीत. पुढे जे झालं त्यात माझी खरी अडचण हीच होती. दिरांची मुलगीही चिंचवडहून रोज येत होती. ती एका कंपनीत नोकरी करते, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. माझ्याशी सगळे धीराचं बोलत होते, ती एकटी म्हणाली, "काकू, रडायचं असेल तर रडून घ्या. मी दार लावून बाहेर बसते." आणि खरंच बसली.

तेराव्याचं जेवण झालं. यवतमाळची मंडळी स्टेशनवर जायला निघाली. जाऊ आत भांडी आवरत होती. दीर माझ्याशेजारी सतरंजीवर बसले.

"वहिनी, आता तुम्ही एकट्या काय करान इथं?"

"राहीन."

"तसं नाही. माणसात राहावं माणसानं. आमच्याकडे चला. हॉलमधला दिवाण तुमचाच."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. माझ्या पुतण्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांची एक अट होती: मुलाचा स्वतंत्र फ्लॅट हवा. "जग बदलून राहिलं, वहिनी. आजकाल पोरीवाले आधी घर विचारतेत, मग पोरगा." म्हणजे एका मुलीला लग्नानंतर सुरक्षित वाटावं म्हणून दुसऱ्या बाईने घर रिकामं करायचं होतं. बायकांच्या आर्थिक सुरक्षिततेचा एकूण साठा ठरावीक आहे आणि तो एकीकडून काढूनच दुसरीकडे भरता येतो, अशी काहीतरी ही व्यवस्था होती.

तेवढ्यात जाऊ बाहेर आली. तिच्या हातात फिकट रंगाची साडी होती. तिने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता परत आत गेली.

आमच्यात साडी एकटी येत नाही, तिच्यामागून कागद येतो. माझे वडील गेले तेव्हा भावाने मला वाईजवळच्या गावी बोलावलं होतं. भावजयीने पुरणपोळी केली, काठापदराची साडी दिली, आणि दुपारी आम्ही तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी प्रेमाने सोडला, असं त्यात लिहिलं होतं. सगळ्या बहिणी असंच करतात. न करणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही, आणि करणाऱ्या बहिणीला माहेर असतं, म्हणजे वर्षातून एकदा पुरणपोळी असते. कायद्याने मुलीला मुलाइतका वाटा दिला, तेव्हा कायदा करणाऱ्यांनी साडी हा प्रकार विचारात घेतला नव्हता.

त्यामुळे मांडीवरच्या साडीचा अर्थ मला समजला. मी काही बोलले नाही. आमच्या सासरी बाई गप्प बसली की तिचा होकार धरतात. यात माझ्या सासरचा काही खास दोष नाही. अशी सोय बहुतेक घरांत करून ठेवलेली असते.

महिनाभराने दीर मला त्यांच्या ओळखीच्या वकिलांकडे घेऊन गेले. ते माझ्या छापखान्याच्या गल्लीतच, पलीकडच्या इमारतीत बसतात. वकील वयस्कर, पंखा मंद, आणि आवाज त्याहून मंद.

"घर कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"आमचं," दीर म्हणाले.

"कागदावर कोणाचं आहे?"

"कागदावर वहिनींच्या नावानं आहे. ते सवलतीसाठी."

"म्हणजे यांचं आहे."

"नाही, नावापुरतं."

"साहेब, मालकी नावापुरतीच असते. आडनावापुरती नसते."

दिरांना हे आवडलं नाही, पण फी ठरलेली असल्यामुळे ते बसून राहिले. हे घर पुतण्याच्या नावावर करायचं आहे, काय करावं लागेल, असं त्यांनी विचारलं. बक्षीसपत्र, वकील म्हणाले. पण पुतण्या हा कायद्याच्या हिशेबी जवळच्या नात्यात बसत नाही, तेव्हा खरेदीला लागतं तसं मुद्रांक शुल्क लागेल.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"सवलत?"

"सवलत बाईने घेतलं तर. इथे बाई देतेय. द्यायला सवलत कशाला लागते? ते तर बायका पूर्वीपासून करतायत."

दीर खुर्चीत मागे टेकले. ज्या हिशेबाने घर माझ्या नावावर आलं होतं, तोच हिशेब आता ते माझ्या नावावरून काढू देत नव्हता. मला नवऱ्याची तीव्र आठवण आली. आकडा ऐकून तोही असाच मागे टेकला असता.

"एवढी घाई का करताय?" वकील म्हणाले. "यांना मूल नाही, यजमान नाहीत. यांनी मृत्युपत्र केलं नाही, तर यांच्या पश्चात घर नवऱ्याच्या वारसांकडे जातं. म्हणजे तुमच्याकडेच."

"आणि माझ्या माहेरच्यांकडे?" मी विचारलं. तिथे गेल्यापासून मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"नवऱ्याकडचं कुणीच नसेल, तर मग ते."

"घर माझं असलं तरी?"

"तुमचं आहे म्हणूनच. बाईचं असेल तर हा क्रम. तुमच्या यजमानांचं असतं, तर तुमचे भाऊ कुठेच आले नसते."

कायदा इतक्या बारकाईने माझ्या सासरचा विचार करून बसला होता, याची मला कल्पना नव्हती. मी तपासलेल्या एकाही पुस्तिकेत हे नव्हतं. कदाचित हसऱ्या बाईचं चित्र छापल्यावर जागा उरली नसेल.

दिरांचा चेहरा मात्र उजळला. ते वकिलांच्या टेबलावर पुढे झुकले. "म्हणजे काहीच करायची गरज नाही! मग कागद राहू द्या जागेवर. वहिनी हलतील."

वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी हलतायत का?"

मला काय हवं, हे आजवर घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. एका टक्क्याच्या वेळीही नाही आणि तेराव्यालाही नाही. मी म्हणाले, "मी विचार करते."

"यात विचार काय करायचा?" दीर म्हणाले. आणि जिन्यात अंधार होता म्हणून त्यांनी मला हात धरून, एक एक पायरी सांगत, सावकाश खाली आणलं.

मी खरंच विचार केला. घरी बसून, सावकाश, जसं मुद्रित वाचते तसा. घर माझ्या नावावर राहील आणि मी धानोरीला हॉलमधल्या दिवाणावर असेन. पुतण्याचं लग्न होईल, त्यांचा टीव्ही या भिंतीवर लागेल. माझी पुस्तकं दिवाणाखाली मावणार नाहीत. "दहा-बारा ठेवा, बाकीची वाचनालयाला देऊन टाकू," असं दीर आधीच म्हणाले होते. जावेच्या गुडघ्यांमुळे स्वयंपाक हळूहळू माझ्याकडे येईल, आणि मी घरचीच असल्यामुळे त्याचा विषय निघणार नाही. दरवर्षी घरपट्टीची पावती माझ्या नावाने येईल आणि ती मला कुणीतरी वाचून दाखवील. मी मालकीण असेन. फक्त आत जायचं असेल तेव्हा आधी फोन करावा लागेल.

नवऱ्याच्या आठवणी त्या घरात होत्या, असं म्हणायला छान वाटतं, पण तो इतका काटकसरी होता की आठवणींनाही त्याने फार वस्तू ठेवल्या नाहीत. एक चष्मा, रबरबँडांचा डबा, आणि त्याची सवय: मी खोलीतून बाहेर पडले की मागोमाग येऊन दिवा बंद करणं. आता मी दिवा चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाते आणि थांबते. हे दिवाणावर बसून करता येण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी दीर आणि जाऊ एका सुताराला घेऊन आले. पुतण्या आला नव्हता. तो एकूणच कुठे येत नाही, त्याच्यासाठी बाकीचे येतात. मी चहा ठेवला. सुताराने टेप काढली आणि मापं घ्यायला सुरुवात केली. दीर त्याला वॉर्डरोब कुठे, टीव्हीचं युनिट कुठे ते दाखवत होते. मला दोनदा खुर्ची सरकवावी लागली. तिसऱ्यांदा सुतार माझ्या पुस्तकांच्या कपाटाशी येऊन थांबला.

"हे कपाट जाणार ना, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले.

"मग वॉर्डरोब कुठे बसवायचा?"

"नाही बसवायचा."

सुताराने टेप सोडली. ती सर्रकन आत गेली. "साहेब, हे बेडरूममध्ये घ्यायचं का मग?"

"बेडरूममध्येही नाही," मी म्हणाले.

"अहो मॅडम, सरळ सांगा ना, मी माप कशाचं घेऊ?"

"कशाचंच नका घेऊ. चहा घ्या."

दीर माझ्याकडे वळले. "वहिनी, मग तुमचं ठरलं काय?"

"मी इथेच राहणार आहे."

"अवो, पण पोराचं लग्न आहे. अन् दादानं हे घर कशासाठी घेतलं होतं?"

"एक टक्क्यासाठी," मी म्हणाले.

त्यांना राग आला. तो यायलाच हवा होता. भावाच्या नावाने ते खऱ्या दुःखाने बोलले होते आणि मी आकडा सांगितला होता. पण आकडा खरा होता. ते उठले, सुतार कपबशी हातात घेऊन गडबडीने उठला, आणि दारातून जाताना दीर म्हणाले, "दादा असता तं असं झालं नसतं."

"तुमचे दादा असते तर तुम्ही सुतार आणला नसता," मी म्हणाले. इतकं लांब वाक्य मी दिरांशी पूर्वी बोलले होते की नाही, ते आठवत नाही. जाऊ चप्पल घालायला खूप वेळ लावत होती.

त्यानंतर यवतमाळहून फोन आले. एक चुलत सासरे म्हणाले, "सरकारनं बायकांना डोक्यावर बसवून ठेवलं." नवऱ्याची एक मावशी म्हणाली, "घर उरावर घेऊन जाणार आहेस का?" मी म्हणाले, नाही, तेवढं मोठं नाही. पुतण्याचं लग्न मोडलं नाही. त्याने धानोरीतच भाड्याने फ्लॅट घेतला. मुलीकडच्यांनी स्वतंत्र घराची अट इतक्या सहज सोडली, की ती घातली कुणी होती, असा मला प्रश्न पडला. मी तो कुणाला विचारला नाही.

दीर नऊ-दहा महिने आले नाहीत. मला ते लागलं. या जगात माझ्या नवऱ्यासारखं हसणारा तेवढा एकच माणूस होता.

मधल्या काळात मी वकिलांकडे एकटी जाऊन आले. मी काही न करता मेले असते तर कायद्याने माझ्या वतीने ठरवूनच ठेवलं होतं. म्हणून मी मृत्युपत्र करायला गेले होते.

"कोणाच्या नावे?" वकिलांनी विचारलं.

मी दिरांच्या मुलीचं नाव सांगितलं. तिचं सासर चिंचवडला. फ्लॅट सासूच्या नावावर, एका टक्क्यासाठी. हप्ते हिच्या पगारातून जातात. तिची सासू त्या घराची मालकीण आहे आणि तिला बहुधा ते माहीत नाही. हिला हप्ते माहीत आहेत, पण ती मालकीण नाही. दोन बायका मिळून एका पुरुषाचं घर सांभाळतायत आणि सरकारी तक्त्यात ती सक्षमीकरणाची एक यशस्वी नोंद आहे.

"म्हणजे घर शेवटी दिरांच्याच घरात जातंय," वकील म्हणाले. "मग त्यांची तक्रार काय असणार?"

"असेल," मी म्हणाले.

वकील पहिल्यांदाच हसले. फी मात्र पूर्ण घेतली.

मी हे लपवून ठेवणार नव्हते. वर्षश्राद्धाला दीर आणि जाऊ आले. भटजी गेल्यावर पानं वाढली. दीर वाळले होते. भावाच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले, हार दोनदा सरळ केला. वाढता वाढता मी त्यांना सांगितलं: मी आहे तोवर इथे राहणार, माझ्यामागे घर तुमच्या मुलीला.

ते घास हातात धरून थांबले. चेहऱ्यावर आधी धक्का आला, मग हिशेब आला, आणि हिशेब लागला तसा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हणजे घरातच राहिलं," ते म्हणाले. "बरं केलं, वहिनी. पोरगी काय, आपलीच आहे. भावासाठी सोडून देईल. एक सही तं करायची."

"नाही करणार," जाऊ म्हणाली.

ती पानातल्या कोशिंबिरीकडे बघत बोलली होती. मला वाटलं, मलाच तसं ऐकू आलं.

"काय?" दीर म्हणाले.

"नाही करणार ती सही. मी सांगून ठेवलं तिला."

"तुले कधी सांगितलं वहिनीनं घराचं?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मले आज कळून राहिलं!"

"या घराचं मलाही आजच कळलं. मी तिला आपल्या घराचं सांगितलं. धानोरीच्या. तुमच्या मागं भाऊ साडी घेऊन येईल, पुरणपोळी खाऊ घालील. खाय, म्हटलं. सही करू नको."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं, आणि मग फोटोकडे पाहिलं, जणू तिकडून सल्ला येईल. इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट ते दोघे भाऊ एकमेकांनाच विचारत आले होते.

"मग मी काय करू आता?" ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांनाही माहीत नसावं.

"जेवा," जाऊ म्हणाली. "वरण गार होऊन राहिलं."